प्रेमिलाच्या सालची बाटली

आमच्या गावात कुणालाच आपलं जन्मसाल माहीत नव्हतं. माझा जन्म रानडुकरांनी यादोरावकाकाचं धान खाल्लं त्या वर्षीचा. एकट्या माझ्या बहिणीचं, प्रेमिलाचं, साल छापील होतं. तेही फ्रान्समध्ये.

बाबूजी सालेकशाच्या डाकबंगल्यावर खानसामा. सत्तेचाळीसमध्ये जंगलसाहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं बाबूजीला एक बाटली दिली. पांढरी फ्रेंच वाइन, लेबलवर १९३८. "तुम्हारी बेटी की उमर की है, ईश्वरदास," साहेब म्हणाला. "ओक लकड़ी के पीपे में रखते हैं, फिर बोतल में. अभी कच्ची है. बेटी की शादी में खोलना." जन्मभर झाडं पाडणाऱ्या माणसाला लाकडाच्या चवीची दारू आवडावी, यात नवल नव्हतं.

कच्ची वस्तू कशी पिकवायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबूजीनं बाटली आंब्यांसोबत तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, पिकू घातली. दर उन्हाळ्यात, तापलेल्या कौलांखाली. आंबे चाचपताना तो बाटलीही चाचपायचा, बूच हुंगायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "अजून कडक हाय."

वर तणसाची शेवटची मूठ ठेवायचा मान प्रेमिलाचा. "माही बाटली हाय. मीच झाकीन."

शेजारचा यादोरावकाका मोहाची दारू काढण्यात पटाईत. तो म्हणायचा, "ईश्वरदास, माही कालची आज तोंडात धरवत नाही, अन् तू इतक्या सालांची जुनी पाजशील? वऱ्हाड मरंल ना बे!"

"तुह्यासाठी चहा ठेवीन," बाबूजी म्हणायचा.

लग्न ठरलं पंचावन्नच्या अकतीचं, म्हणजे अक्षय्यतृतीयेचं. मुलगा फुलचूरचा. चोपन्नच्या भादव्यात प्रेमिलाला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. मुलाकडून निरोप आला की आता मांडव घालू नका. आम्हीही तसं ठरवलंच होतं.

त्या हिवाळ्यात डाकबंगल्यावर आलेल्या एका नव्या साहेबाला मी सहज बाटलीबद्दल विचारलं. तो आधी खूप हसला. मग म्हणाला, "अरे, वह ठंडे तहखाने की चीज़ है. इस गर्मी में सिरका हो गई होगी." थंड तळघरातली वस्तू आमच्या कौलांखाली आंबून गेली होती.

मी घरी काही बोललो नाही. उन्हाळ्यात आंबे उतरवल्यावर बाबूजी एकटाच तणस पसरत होता. बाटली ठेवली, आंबे लावले आणि शेवटच्या मुठीशी त्याचा हात थांबला. "तू ठेव," मला म्हणाला. मी ठेवली.

अकतीला पितरांना आंबा दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी आंबा खात नाही. त्या वर्षी पितरांत प्रेमिला होती. बाकी सगळे म्हातारे. तिचं तिथं कुणाशी जमलं असेल, देव जाणे.

बाबूजीनं डाकबंगल्याचा पांढरा कोट चढवला, पट्टा बांधला. बूच अर्धं तुटून आत पडलं. पळसाच्या द्रोणात, पितरांच्या आमरसाशेजारी त्यानं वाइन ओतली, मग जमलेल्यांच्या द्रोणांत. रंग काळ्या चहाचा. वास घरभर.

साहेबाच्या ग्लासात उरलेलं चाखून बाबूजीची जीभ बारा वर्षं तयार झालेली. त्यानं एक घोट घेतला आणि द्रोण खाली ठेवला.

यादोरावकाकानं मात्र आपला द्रोण एका दमात रिकामा केला. "मस्त पिकली गा," म्हणाला आणि डोळे पुसले. आंबटपणानं असावं.

सगळे गेल्यावर बाबूजीनं मला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हो. हिवाळ्यापासून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही तणस पसरून राहिले होते."

तो बराच वेळ कोटाची बटणं काढत बसला. पाचच बटणं होती.

"दुसऱ्याच साली रंग बदलला," तो म्हणाला. "मले तवाच समजलं. मी खानसामा हावो ना."

"मंग दरसाल पिकू घातली कायले?"

"पोरगी वाट पाहे. आंबे उतरले का इचारे, माही बाटली कवा झाकाची?" मग जरा थांबून म्हणाला, "अन् या साली नसती घातली, तं तिचं काय घातलं असतं?"

तेवढ्यात मायनं रिकामी बाटली उचलली. जवसाचं तेल ठेवायला बरी होती. ती हौदाशी गेली आणि राखेनं घासायला बसली. बाबूजी तसाच, अर्ध्या उघड्या कोटात, तिच्यामागे धावला.

"आतून धुव," म्हणाला. "वरून नोको. साल भिजंल."

मायनं बाटली उलटी धरली आणि लेबलवर पदर गुंडाळला.