विरोधात एक

कपांना कान चिकटवणं हे तिचं काम, म्हणून कारखान्यात सगळे तिला कानवालीच म्हणत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मात्र कँटीनमध्ये जमलेली सगळी मंडळी तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, कारण अख्ख्या संघटनेत मताचा अधिकार तिला एकटीलाच होता.

त्याचं असं झालं होतं. खजिनदार हिशेब दाखवत नाही म्हणून चिडून सगळ्यांनी वर्गणी बंद केली होती, आणि नियमाप्रमाणे हिशेब दाखवायचा तो फक्त वर्गणी भरलेल्यांना, मतही त्यांनाच. दोन्ही बाजू हट्टाला पेटलेल्या. कानवाली तेवढी भरत राहिली, कारण देणं अंगावर ठेवू नये असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे खजिनदाराने वर्षाचा जमाखर्च आज तिला एकटीला कोपऱ्यात नेऊन कुजबुजत वाचून दाखवला. बाकीचे माना लांब करून बसले.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली.

"तुला वाटेल गं बरोबर! आम्हाला ऐकू कुठे आलं?" कामावर तिच्या शेजारच्याच टेबलावर कपांना झिलई देणारी तिची मैत्रीण फणकारली.

खरा प्रश्न पुढेच होता. भट्टीचा दरवाजा सैल झालेला पाहून कानवालीच्या धाकट्या दिराने भट्टी बंद केली होती. माणसं वाचली, कप गेले, आणि मालकाने त्याला काढून टाकलं. त्याला परत घ्या, नाहीतर काम बंद, असा ठराव सुट्टी संपायच्या आत ऑफिसात पोचला नाही, तर उद्या भट्टीवर दुसरा माणूस उभा राहणार होता.

कानवालीने चिठ्ठी मतपेटीत, म्हणजे तोटी मोडलेल्या किटलीत, टाकली. निवडणूक अधिकारी होते साचेकाका. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि झाकण लावून टाकलं.

"निकाल सांगता येत नाही."

"का?"

"मतदान गुप्त आहे. निकाल सांगितला की हिचं मत फुटलं."

"अहो काका, मीच सांगते ना!"

"मतदाराने सांगितलं तर मत बाद."

झिलईवालीने कपाळावर हात मारला, तिथेच वर्गणी भरली आणि मत दिलं. "घ्या! झाली दोन!"

काकांनी पुन्हा किटलीत डोकावलं. पुन्हा झाकण. "जमत नाही."

लोक काकांवर तुटून पडले. कानवाली विचार करत होती. दोन्ही मतं एकाच बाजूची, म्हणूनच काका अडलेत. म्हणजे तिसरं मत हवं, आणि तेही उलटं, की कुणाचं कुठलं ते कळणार नाही. तिने दाराशी निकालाची वाट बघत उभ्या असलेल्या दिराला कपांच्या थप्पीआड ओढलं.

"भाऊजी, काढलेला माणूस ठराव होईपर्यंत सभासदच असतो. वर्गणी भरा आणि विरोधात मत द्या."

"माझ्याच विरोधात? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुमचं एक विरोधात गेलं तरी दोन उरतात. आणि कुणाला सांगाल तर मत बाद, मग नोकरीही गेली."

तो बावचळून गेला, पण चिठ्ठी टाकून आला. काकांनी किटली उपडी केली. त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"बाजूने दोन, विरोधात एक. ठराव मंजूर!"

खजिनदार कागद घेऊन ऑफिसकडे धावला. टाळ्या पडल्या, पण लगेच विरून गेल्या.

"विरोधात कोण?" कुणीतरी विचारलं.

स्वतःच्या पोटावर पाय देणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. म्हणजे दोघींपैकी एक. झिलईवालीला स्वतःचं मत ठाऊक होतं. तिने कानवालीकडे असं पाहिलं की सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं.

पॅकिंगमधून धाकटी जाऊ पुढे आली. "ताई? एका घरात राहून?"

दिराने तोंड उघडलं.

"भाऊजी," कानवाली घाईने म्हणाली, "भट्टी पेटवायची आहे. जा बघू."

तो मान खाली घालून गेला.

"मालकाने निदान तोंडावर तरी काढलं होतं यांना," जाऊ म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली.