ओठांजवळचा निळा

चिमणी झोपली की घरातली सगळी कामं तिच्या आईपुढे रांग लावून उभी राहत. आज आईने त्यांच्याकडे सरळ पाठ फिरवली. खिडकीशी पाळणा, मांडीवर स्केचबुक, स्टुलावर पाण्याचा पेला. रंग तीनच: मातकट पिवळा, विटकरी तांबडा आणि गडद निळा. चेहरा शिकायचा तर एवढेच घ्यायचे, काळ्याला हात लावायचा नाही, हा क्लासच्या बाईंचा दंडक. "ठाऊक आहे ते रंगवू नकोस," त्या बजावत, "दिसतंय ते रंगव."

कपाळ छान उतरलं. ओल्या गालावर तांबडा सोडला तर तो आपसूक पसरला आणि गाल अस्सल लबाड दिसायला लागला. तिला हसू आलं. मग ओठ. तांबडा लावला, चित्र खोटं वाटलं. कुंचल्याच्या टोकावर निळा घेतला. कमी पडला. आणखी घेतला. आता जुळलं.

जुळलं आणि तिने कुंचला खाली ठेवला. ओठांना इतका निळा?

पडद्याची छटा पडली असेल. तिने पडदा सारला. ओठ तसेच.

"आई, जरा येता?"

सासूबाई हात पुसत आल्या. "उठली का?"

"नाही. तिचे ओठ बघा ना. निळसर वाटतात?"

त्या वाकल्या, चष्मा वरखाली केला. "छे! कावीळ झालेल्याला जग पिवळं, तसं तुला निळं. मन चिंती ते वैरी न चिंती. त्या रंगांतून डोकं काढ जरा."

खरंही असेल. काळा नाही म्हणून सगळ्या सावल्या ती निळ्यानेच करायची. मागे आरशात पाहून स्वतःचं नाक असं रंगवलं होतं की नवरा म्हणाला, "गारठलीस का गं?" अशा डोळ्यांवर भरवसा कसा ठेवायचा? मग तिला एक सुचलं.

"आई, इथे पाळण्याशेजारी बसा. तोंड खिडकीकडे करा."

"आता माझं चित्र? भाजी चिरायची पडलीय."

"फक्त ओठ."

"बरं बाई. मिशी रंगवू नकोस हं, आहे तेवढी पुरे."

तिला हसता आलं नाही. त्याच उजेडात, त्याच पानावर, नातीच्या ओठांशेजारी तिने आजीचे ओठ काढले. तांबडा, किंचित पिवळा. निळ्याची वाट पाहत कुंचला तसाच थांबला. निळा लागलाच नाही.

सासूबाईंनी पान पाहिलं. मग पाळण्यात पाहिलं. पुन्हा पान.

"अगंबाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दूध पितानाही मध्येच दमते गं ती. मला वाटलं, बापासारखी आळशी आहे."

तिने झोपलेल्या लेकीला तशीच उचलली. सासूबाईंनी दाराला कुलूप घातलं तेव्हा त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीवर नळी ठेवली. जागा बदलली, पुन्हा ठेवली. चिमणी रडायला लागली तरी त्या ऐकतच राहिल्या. चिमणीची आई मनात एकच घोकत होती: मला काही येत नसू दे. माझ्यासारखी भिकार चित्रकार जगात दुसरी नसू दे.

"हृदयात एक आवाज येतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो कसला, ते तपासणीतच कळेल. मी मोठ्या हॉस्पिटलला फोन करते, तुम्ही अशाच निघा."

"अशाच म्हणजे?"

"घरी न जाता."

नवऱ्याला फोन झाला. तो कामावरून परस्पर तिकडे यायला निघाला. टॅक्सीत चिमणी रडून रडून पेंगली. सासूबाई एका हाताने नातीचं पाऊल चोळत होत्या आणि दुसऱ्या हाताने सुनेचा दंड घट्ट धरून होत्या. सिग्नलला गाडी थांबली तशा त्या तिच्याकडे वळल्या.

"बघ ना गं, आता कसा आहे रंग? तूच सांग. आम्हाला मेलं काही कळत नाही."

तिला डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते. जे दिसेल ते आता कागदावर पडणार नव्हतं, पाण्याने पुसलं जाणार नव्हतं. तिने लेकीचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि पाहिलं.

"तेवढाच आहे, आई," ती म्हणाली. "वाढलेला नाही."

"बघत राहा," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे झुकून ड्रायव्हरवर ओरडल्या, "अरे, सुटला की सिग्नल! हाण ना गाडी!"