मोहन्याच्या लॅबमधली जुनी सिस्टिम

नौपाड्यातल्या एका कंपनीत मैथिली पॅथॉलॉजी लॅबसाठी कंटेनर इमेज बनवायची. म्हणजे रिपोर्टचा प्रोग्राम आणि त्याला लागणारी ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र बांधून लॅबला पाठवायची. त्यातली एक सिस्टिम इतकी जुनी झालेली, की तिच्यातली सुरक्षेची भोकं बुजवायला आता कुणी नव्हतं. कंपनीने तिच्यावरच्या इमेज बंद करायचं ठरवलं. बाकीच्या लॅब नव्या सिस्टिमवर गेल्या. अडलं ते कल्याणजवळच्या मोहने गावातल्या लॅबचं. तिथलं रक्ततपासणीचं मशीन नव्या सिस्टिमवर चालेना.

“तिथली कधी बंद करायची ते तू ठरव,” साहेब म्हणाले. मैथिली मोहन्याला गेली.

लॅब चालवणाऱ्या शुभदाताई साठीच्या होत्या. “मशीन ठणठणीत आहे गं. दिवाळीपर्यंत तरी थांब.”

“ताई, कुणी आत शिरून रिपोर्टमधले आकडे बदलले, तर आपल्याला कळणारसुद्धा नाही.”

बाकावर शेवंती बसली होती. तिचा नवरा दौलत रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांवर होता; रक्त फार पातळ होत नाही ना, ते दर महिन्याला तपासावं लागे. रिपोर्ट हातात पडताच ती म्हणाली, “आकडा वाढलाय ना? डॉक्टर गोळी कमी करतील.” त्या आकड्यावर तिचा केवढा विश्वास! मैथिलीचं तिथेच ठरलं. सोमवारी तिने जुनी इमेज बंद केली.

मशीन नव्या सिस्टिमला जोडायचं काम लांबत गेलं. तोवर शुभदाताई स्वतः रिक्षाने नमुने कल्याणला नेत. रिपोर्ट उशिरा येत, पेशंट कंटाळत. दौलत तर तपासणीला यायचाच थांबला, गोळ्या मात्र तेवढ्याच घेत राहिला. एका सकाळी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, उजवी बाजू गेली.

मोहन्यात नवी इमेज सुरू झाली, त्या दिवशी मैथिली लॅबमध्येच होती. पहिला रिपोर्ट तपासून शुभदाताई म्हणाल्या, “तू चुकलीस असं मी म्हणत नाही. पण दौलतच्या घरी जाऊन ये.”

दौलत खाटेवर पडून होता. शेवंतीने पाणी दिलं. मैथिलीने सगळं सांगितलं, बंद करायचा निर्णय आपला होता हेही.

शेवंतीने नवऱ्याचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, “तपासणी परत बंद पडंल का?”

“ही सिस्टिमपण कधीतरी जुनी होईल. पण नवी नीट चालल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही.”

“आदी का नाय केलं तसं?”

शेवंती उठली आणि नवऱ्याला कुशीवर वळवायला लागली. एकटीला ते जमेना. मैथिलीने पुढे होऊन दौलतच्या खांद्याला हात दिला.