बाबांच्या कॉम्प्युटरची मेमरी

बाबा टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते. निवृत्त झाल्यावर एका सकाळी दाढी करताना त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. ऐकू सगळं यायचं, कळायचंही. पण तोंडातून भलताच शब्द निघायचा. ‘पाणी’ म्हणायला जावं तर ‘किल्ली’. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांना कळायचं, आणि ते डोळे मिटून घ्यायचे.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी घरी सरावासाठी एक प्रोग्रॅम दिला. पडद्यावर चित्र येतं, आपण माइकमध्ये त्याचं नाव म्हणायचं. बरोबर असलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल आणि सोबत टण्ण आवाज. पण आमचा कॉम्प्युटर जुना. मी कॉलेजात असताना बाबांनीच सुटे भाग आणून जोडलेला. बाबांनी शब्द म्हटला की पडदा गोठून बसायचा. खूण कधी पार उशिरा उमटायची, कधी सगळंच बंद पडायचं. बाबा पडद्याकडे बघत बसायचे आणि आई शेजारून म्हणायची, “तुमचं बरोबरच होतं हो. हा मेलाच ढ आहे.”

“नवा घेऊ या का?” मी विचारलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि डाव्या हाताने कॉम्प्युटरच्या डब्यावर थोपटलं.

मग मी मेमरी वाढवायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, “ताई, याला आताची मेमरीची पट्टी चालायची नाही. त्या काळचीच लागेल.” बराच वेळ खण उपसून त्याने एक वापरलेली पट्टी शोधून दिली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही डबा जेवणाच्या टेबलावर आडवा घेतला. झाकण काढायच्या आधी बाबांनी माझं मनगट धरलं आणि नजरेने भिंतीतली वायर दाखवली. ती काढायची मी विसरलेच होते. आत पंख्याच्या पात्यांना धुळीच्या मिशा फुटल्या होत्या. ब्रशने त्या झाडल्या, खाच जुळवून पट्टी बसवली, वायर लावली आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. आतून नुसतं बीप, बीप.

“झालं! तेलही गेलं, तूपही गेलं,” आई म्हणाली.

बाबा काहीतरी सांगायला धडपडू लागले. “कं... कंगवा.”

“कंगवा? कंगवा कशाला, बाबा?”

त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “कंगवा!” परत तेच आलं. मग त्यांनी चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून हवेत घासलं.

“अगं, खोडरबर मागतायत ते,” आई म्हणाली. “टेलिफोनच्या पट्ट्या नाही का घासायचे, तसं.”

मी वायर काढली, पट्टी उपसली आणि घट्ट धरली. बाबांनी डाव्या हाताने तिची सोनेरी कडा खोडरबराने घासली. हळूहळू, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. ती लखलखेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. पुन्हा बसवायच्या वेळी मी सरसावले, तर त्यांनी मला अडवलं आणि आपला अंगठा पट्टीच्या एका टोकावर ठेवला. दुसऱ्या टोकाकडे त्यांनी मानेने खुणावलं. तिथे मी माझा ठेवला. दोघांनी एकदम जोर दिला. आधी माझ्या बाजूचा खटका लागला, मग त्यांच्या.

या वेळी कॉम्प्युटर सुरू झाला. आईने टाळी वाजवली. बाबा लगेच माइकसमोर बसले.

खुर्चीचं चित्र आलं. बाबा म्हणाले, “चमचा.” शब्द संपतो न संपतो तोच लाल खूण.

झाडाचं चित्र. लाल. मग हाताचं, दाराचं, माशाचं. लाल, लाल, लाल. आता मध्ये वाट बघणं नव्हतं. आईने बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दोष द्यायला आता कोणी उरलं नव्हतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. “कशाला बसवलीस गं ती?” ती हळूच म्हणाली. “निदान मला खोटं तरी बोलता येत होतं.”

बाहेरून बाबांचा आवाज येत होता आणि प्रत्येक शब्दामागून चूक सांगणारा तो टणत्कार. मला वाटलं, आता बंद करतील. ते थांबले नाहीत. आईने डोळे पुसले, बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

“चुकलं,” तिने सांगितलं. किती महिन्यांत पहिल्यांदाच. “परत म्हणा.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला भीती वाटली, चिडतील म्हणून. पण त्यांनी फक्त होकारार्थी मान हलवली आणि पुन्हा माइककडे वळले.

पुढे त्यांना थोडे शब्द आले. ‘पाणी’ आलं, ‘दार’ आलं, ‘पुरे’ आलं. बरेचसे आलेच नाहीत, आणि थेरपिस्ट बाईंनीही ते कधी लपवलं नाही. पण रोज सकाळी मी कामाला निघायचे तेव्हा ते दोघं त्या पडद्यासमोर बसलेले असायचे, आणि जिना उतरेपर्यंत मला आईचा आवाज यायचा, “नाही. अंहं. परत.”