पाकीट क्रमांक साठ

वय: बावन्न. वजन: एकसष्ट किलो. शस्त्रक्रिया: पित्ताशय, दुर्बिणीतून. ॲसिडिटी: नाही.

हे परवा मीच लिहिलं. उभ्या उभ्या, वॉर्डातल्या खाटेला टेकून.

भूलशास्त्राचं शेवटचं वर्ष. प्रबंध: श्वासाच्या दोन साधनांची तुलना. नळी थेट श्वासनलिकेत जाते. मास्क घशातच, स्वरयंत्राच्या तोंडावर बसतो. साठ रुग्ण, साठ बंद पाकिटं. पाकीट म्हणेल ते साधन. एकोणसाठ झाले. प्रबंध देण्याची शेवटची तारीख उद्या; तो दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

सिस्टरनं पाकीट फाडलं. "मास्क! सुटलात मॅडम. गंगेत घोडं न्हालं एकदाचं."

टेबलावर आडव्या झालेल्या शिवणवाल्या काकूंनी माझं मनगट धरलं.

"पोरी, एवढं सपाट नको गं झोपवू. आंबट पाणी घशाशी येतं. घरी तीन उशा लागतात मला."

"पण ॲसिडिटी नाही म्हणालात ना!"

"ती नाहीच. हे तर लग्नापासूनचं आहे. आमचे हे म्हणतात, तू झोपतेस कुठे, बसतेसच."

थांब.

थांब म्हणजे काय करू? बेशुद्धीत ते पाणी वर आलं तर मास्क अडवेलच असं नाही. फुफ्फुसात उतरलं तर? नळी बऱ्यापैकी अडवते. अशा रुग्णाला तुलनेत घ्यायचंच नाही, हा नियमही माझाच.

सर, माझे मार्गदर्शक, कानाशी आले. "आमची बायको चार उशा घेते. पेशंट उपाशी आहे ना? घाल मास्क. एकोणसाठवर मी सही करणार नाही. मग बस सहा महिने."

सहा महिने.

हात मास्ककडे गेला. खरंच गेला. जेली लावून तयार होता तो.

"सिस्टर, नळी द्या. आणि गळ्यावर दाबून धरा, पाणी वर यायला नको. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"मुहूर्त निघाला का?" सर्जन.

काकू झोपल्या. नळी पहिल्याच प्रयत्नात. नळीभोवतीचा फुगा फुगवला. छाती दोन्हीकडून सारखी उचलली जातेय. स्टेथोस्कोप लावून ऐकलं. पुन्हा.

दीड तासानं नळी काढण्याआधी घशात यंत्रानं शोषून बघितलं. थेंबही नाही. कोरडा ठणठणीत.

"बघ," सर म्हणाले. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास."

असेल. मास्कनंही काही बिघडलं नसतं. किंवा बिघडलं असतं. एकाच माणसावर दोन्ही साधनं एकाच वेळी लावून बघता येत नाहीत.

संध्याकाळी घरी फोन केला. "बाबा, परीक्षा पुढे गेली. सहा महिने."

"का गं? काय झालं?"

"काहीच झालं नाही, बाबा."