कॅमेऱ्यासमोरचं फ्रेंच

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि इस्मेरीमावशीने पुन्हा पाठ ताठ केली.

"सन एकोणीसशे एक्याऐंशीच्या जून महिन्यात," ती फ्रेंचमध्ये सुरू झाली, "आम्ही हैतीहून समुद्रमार्गे प्रयाण केले."

नादेजने कपाळावर हात मारून घेतला. दोन पुस्तकं लिहिताना असा छळ कधी झाला नव्हता. पहिलीच फिल्म, आणि हा तिसरा शुक्रवार. मायामीतलं तेच स्वयंपाकघर, मावशीची चर्चची तीच टोपी, आणि तेच प्रयाण.

"मावशी, अगं क्रेओलमध्ये सांग ना! आपण घरात बोलतो तसं."

"घरातलं घरात. चार लोक म्हणतील, इस्मेरीनं शाळेचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

"कोण लोक?"

"तुझ्या पिक्चरला येतील ते. चांगले कपडे घालून."

"बरं. विल्नेरमामाचं सांग."

मावशीने घसा साफ केला. "त्या प्रवासात एक प्रवासी दिवंगत झाला."

एक प्रवासी! दोघी बहिणींचा सख्खा धाकटा भाऊ. मरेपर्यंत आईने त्याचं नाव काढलं नाही. तो कसा गेला हे जाणणारी आता ही एकटीच, आणि ही बोलत होती सरकारी पत्रासारखी.

"राहू दे!" नादेजने कॅमेरा बंद करून झाकण आदळलं.

"फोड, फोड. तुझी आईपण अशीच आदळआपट करायची," मावशी झटकन क्रेओलवर आली. "माझा उपास आहे, तू तरी खा. केळी तळलीत, गार होतील."

तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली. मावशीने टोपी काढली, जपमाळ घेतली, डोळे मिटले. नेमाची प्रार्थना संपली, तरी ओठ थांबले नाहीत.

"देवा, विल्नेरकडे बघतोस ना रे? होडीतलं प्यायचं पाणी संपत आलं, तेव्हा त्यानं आपला घोट माझ्या तोंडात ओतला. म्हणाला, मला तहानच नाही. आणि मी मेली, खरं मानलं! प्यायले! माझ्यावर रागावला नाही ना तो? तेवढं विचार त्याला."

नादेजचा हात कॅमेऱ्याकडे गेला. एवढंच, अगदी एवढंच तर हवं होतं. बोट बटणावर टेकलं, आणि तिथेच राहिलं. मावशी तिच्याशी बोलत नव्हती. स्वतःवरच चरफडत तिने हात मागे घेतला.

मावशीने डोळे टिपले, टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

"चल, लाव तुझा दिवा."

नादेजने लावला.

"सन एकोणीसशे एक्याऐंशीच्या जून महिन्यात..."