दोन्ही बाह्या डाव्या

सकाळपासून शिवणयंत्र चालू होतं. सुनेने शर्ट पुरा केला, झटकला आणि कौतुकाने सासूपुढे धरला. त्याला दोन्ही बाह्या डाव्याच होत्या.

सासूने दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. हीच सून एकेकाळी गप्पा मारता मारता कापड बेतायची! मागे मुलाने रागाच्या भरात तिचं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हापासून दूध उतू जायचं, नळ वाहत राहायचा, जरा उजेड पडला की डोकं ठणकायचं. जखम केव्हाच भरली होती, म्हणून सगळे म्हणत, नाटकं करते. आणि विसरली की नवरा हात उचलायचा. ज्या माराने विसरू लागली, त्याचीच शिक्षा म्हणून पुन्हा मार!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "लागलं कसं?"

"मोरीत पाय घसरला," असं सासूनेच सांगितलं होतं. घरातलं उणंदुणं चव्हाट्यावर कशाला?

बाईंनी बजावलं होतं, "मेंदूला मार बसलाय, तो वरून दिसत नाही. विसरणं, चिडणं तिच्या हातात नाही. सावरायला वेळ द्या. पुन्हा डोक्याला लागलं तर जिवावर बेतेल."

सासूने घाईघाईने बाही उसवायला घेतली. "आवर गं, येईल तो एवढ्यात."

"कोण येणार आहे?" सुनेने विचारलं.

जिन्यावर चपला वाजल्या. मुलगा आत आला, त्याने शर्ट उचलून उलटसुलट पाहिला. काही न बोलता दार लावून कडी घातली. तो गप्प झाला की दोघींचा थरकाप व्हायचा.

"हिला अक्कल शिकवावीच लागणार."

सासू सुनेच्या पुढ्यात उभी राहिली.

"आई, तू मध्ये पडू नकोस. नवरा-बायकोचं आहे हे."

"असंच म्हणत म्हणत हिची ही गत केली आपण. आता मारायचं तर आधी मला मार."

उगारलेला हात तसाच राहिला. सासूने कडी काढून दार सताड उघडलं. समोरची शेजारीण आपल्या उंबऱ्यात उभी होती. या घरातले आवाज तिला रोज ऐकू यायचे, आणि रोज ती रेडिओ मोठा करायची. आत्ताही तो मोठ्याने चालू होता.

"हिचा पाय घसरला नव्हता हो," सासू म्हणाली. "माझ्या मुलाने आपटलं हिला. मी खोटं बोलले. आता हिला घेऊन दवाखान्यात जाते, खरं सांगते, तिथून पोलिसांत. येता सोबत?"

शेजारणीने मान खाली घातली. मग ती आत गेली, रेडिओ बंद केला आणि पायात चपला सरकवल्या.